मंगळवार-शुक्रवारची दाढी

आमच्या मंडळीत मी पेटी वाजवतो. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं मांडलं, त्या परंपरेतलं आमचं घर. ना. वा. टिळकांची गीतं लहानपणीच चालीसकट पाठ झाली. प्रीतीवरचं गीत मी डोळे मिटून वाजवतो. वागायची वेळ आली की मात्र सूर सुटतो.

तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत मी उपासना मंदिराच्या पत्र्यांचा हिशेब मागितला. खजिनदार म्हणजे निवृत्त मास्तर, माझ्या वडिलांच्या वयाचे. तीन पावत्या मिळत नव्हत्या. विचारणं रास्तच होतं, पण भरल्या सभेत, आवाज चढवून, "मास्तर, पैसे गेले कुठे?" हे काय विचारणं झालं? ते काही न बोलता खाली बसले. पुढच्या रविवारपासून आमचा सलाम बंद.

जूनच्या पहिल्याच पावसात दादा, माझे वडील, अंगणात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. पहिला पंधरवडा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकसाहेब, महिला मंडळाची प्रार्थना, बिस्किटांचे पुडे. मग माणसं विरळ झाली. त्याचा राग नाही. मीही लोकांकडे दोनदाच जातो.

अशा एका मंगळवारी सकाळी सातला दारात सायकल लागली. मास्तर. माझ्याकडे न बघता आत आले नि बायकोला म्हणाले, "सूनबाई, वाटीभर गरम पाणी दे गं." पिशवीतून ब्रश, साबण, रेझर, तुरटीचा खडा निघाला. दादांच्या गळ्याशी टॉवेल खोचला. गालाची सैल कातडी बोटाने ताणून धरत, हनुवटीच्या खळीपाशी श्वास रोखत त्यांनी दाढी केली. तुरटी फिरताच दादांनी "हांऽ" केलं. किती दिवसांनी! मास्तरांनी आरसा धरला. "बघ, नवरदेव झालास." पिशवी उचलून निघून गेले.

शुक्रवारी पुन्हा आले. पुढे पाच महिने मंगळवार-शुक्रवार चुकला नाही. माझ्याशी अवाक्षर नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, प्रीतीवरचा अध्याय आपण लग्नात वाचतो. पौलाने तो नवरा-नवरीसाठी लिहिलाच नव्हता. करिंथची मंडळी एकमेकांना कोर्टात खेचत होती; प्रभुभोजनाला एक जेवून तट्ट, दुसरा उपाशी. त्या भांडकुदळांना ते पत्र होतं. आमच्या पंचकमिटीलाच म्हणा ना! पेटीमागे बसून कितीदा ऐकलं, पण हे दारात उभा राहून दाढी बघताना कळलं.

दादा आता काठी घेऊन चालतात, दाढी आपली आपण करतात. मास्तरांचा-माझा सलाम सुरू झालाय, त्यापुढे फारसं नाही. तीनपैकी एक पावती सापडली. उरलेल्या दोन मी यंदाही विचारणार आहे. सभेआधी, त्यांच्या घरी जाऊन.