नानांची केबिन

माझे नाना साखर कारखान्याच्या ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेवर फायरमन होते. दोन फुटी रूळ, उसाने लादलेल्या वाघिणी आणि पुढे ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीचं जर्मन इंजिन. पुढे ट्रक-ट्रॅक्टर आले, रूळ उखडले गेले, इंजिन भंगारात गेलं. त्या इंजिनाबरोबरचा नानांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

याच कंपनीची इंजिनं माथेरानच्या गाडीलाही होती. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली ती रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्यातलं ७४० क्रमांकाचं इंजिन आज इंग्लंडमध्ये जपून ठेवलंय. नानांच्या इंजिनाचं नशीब तसं नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी मी कारखान्यात वापरायच्या तशा चार चाकी इंजिनाचं, १:४८ मापाचं मॉडेल घेतलं. रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. दोन फुटांच्या हिशेबाने ते पावणेतेराच्या आसपास हवे होते, पण तेवढी तडजोड केली. केबिन मात्र चालवून घेता येईना. नाना साडेपाच फूट, म्हणजे या मापात साडेतीन सेंटीमीटर. मूळ केबिनमध्ये त्यांचं डोकं छताला टेकत होतं.

जुनी केबिन बारीक करवतीने कापली. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून नव्या भिंती कापल्या, पितळी तारेचे दांडे लावले, आतल्या बाजूने सुई दाबून रिव्हेट उमटवले. चारी बाजूंनी बंद, मागे दोन गोल खिडक्या. रंग वाळल्यावर मोठ्या ऐटीत अम्मीच्या हातात दिली.

अम्मीला आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. तिने बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा को कोठडी में बंद कर दिया क्या रे तूने?"

मग ती सांगत बसली. केबिन मागून उघडी होती. समोर भट्टी, वर ऊन. बंद केबिनमध्ये माणूस टिकलाच नसता. उन्हाच्या बाजूला नाना गोणपाट ओलं करून बांधायचे. ती डबा घेऊन जायची, तेव्हा ते एका हाताने दांडा धरून बाहेर झुकलेले असायचे. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत कायम भाजल्यासारखा काळा होता. हे सगळं मी पन्नाशीत पहिल्यांदा ऐकत होतो. कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मागची भिंत कापून टाकली. छत चार मिलिमीटरने लांबवलं. जुन्या रुमालाचा तुकडा चहाच्या पाण्यात रंगवून गोणपाट म्हणून एका बाजूला टांगला.

अम्मीने परत बोट फिरवलं. उघड्या बाजूने ते आत गेलं आणि तिथेच थांबलं.

"हां," ती म्हणाली, "आता हवा लागेल त्यांना."