नखावरची परीक्षा

बडोद्याजवळ पादऱ्याकडच्या शेतांत मिरची फुलावर आली की आमचं काम उन्हं उतरल्यावर सुरू होतं. उद्या उमलणारी कळी आज टपोरी, पांढरी दिसते. चिमट्यानं पाकळ्या सारून आतले निळसर परागकोश एकेक करून खुडायचे. मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावून देठाला दोरा बांधायचा. मिरचीची पैदास करणाऱ्याचा हात इथंच बसतो, असं माझं ठाम मत आहे.

हे खुडणं टाळायचं तर नर-वंध्य झाड हवं. त्याचा परागकोश अंगठ्याच्या नखावर झटकला तरी धूळ पडत नाही. आईकडूनच पुढं जाणारा हा गुण १९५८ साली पीटरसन या शास्त्रज्ञांनी नोंदवला, तो भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका मिरचीत! संकरित बियाण्याच्या धंद्यात आज तोच कामाला येतो.

आता रोपवाटिकेतच पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासता येतो. ढोबळी मिरचीत तिखटपणाच्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तो आहे की नाही हे कळायला फळ धरेपर्यंत थांबावं लागत नाही. बोकड्या रोगाचं मात्र इतकं सोपं नाही. पांढरी माशी विषाणू आणते, पानं वाटीसारखी वर वळतात, झाड खुरटतं. इथले शेतकरी त्याला कोकडवा म्हणतात. रोगाला दाद न देणारं झाड बहुधा बारीक फळाचं निघतं, आणि संकरात तो नकोसा गुणही मागोमाग येतो. चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून तो झटकताना डीएनएतल्या खुणांमुळे, म्हणजे मार्करमुळे, कितीतरी हंगाम वाचतात. तरीही शेवटची निवड मी फवारणी न केलेल्या, माशीनं भरलेल्या वाफ्यातच करतो.

२०१४ साली कोरियन शास्त्रज्ञांनी मिरचीचा जनुकसंच वाचला. सुमारे साडेतीन अब्ज अक्षरं, टोमॅटोच्या जवळजवळ चौपट. त्यासाठी निवडलेली सीएम ३३४ ही मेक्सिकोतल्या मोरेलोस भागातली, मूळकुजीला पुरून उरणारी गावरान मिरची. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेलं बी नसतं तर यंत्रांना वाचायला काय मिळालं असतं?

म्हणून सांगणं एवढंच: बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये संकरित मिरची जरूर घ्या, पण आजोळच्या परसात एखादं जुनं मिरचीचं झाड अजून फळत असेल, तर त्याचं बी वाळवून ठेवा आणि जवळच्या कृषी विद्यापीठात गावाच्या नावासह पोचवा.