खोट काढणारा वाचक

विनोदी चित्र पाहून हसणारा आणि त्याच दमात त्यातील तांत्रिक चूक दाखवणारा वाचक आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. कलेतील सत्य वेगळे आणि व्यवहारातील सत्य वेगळे, हे सूत्र हाताशी तयार असल्याने त्याला अरसिक ठरवून बाजूला सारणे सोपे जाते. या वाचकाचा थोडा गंभीर विचार करावा असे मला अलीकडे वाटू लागले. त्याला निमित्त झाले एका अमेरिकी चित्रमालिकेचे.

बिल अमेंड यांच्या ‘फॉक्सट्रॉट’मधील ३ ऑक्टोबर २००३ चे चित्र संगणकाच्या व्यवसायातील लोकांना चांगले परिचित आहे. वर्गात कागदी विमाने उडवणार नाही, हे वाक्य जेसन या दहा वर्षांच्या मुलाला शिक्षा म्हणून फळ्यावर पाचशे वेळा लिहायचे आहे. तो ते लिहीत नाही. तेच वाक्य पाचशे वेळा उमटवण्याचा हुकूम यंत्राला देणारी, सी भाषेतील काही ओळींची आज्ञावली तो फळ्यावर लिहून मोकळा होतो. विनोद एवढाच.

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवासाठी बाहेरगावी नोकरी करणारी मंडळी आवर्जून येतात. त्यांपैकी पुण्यात आज्ञावल्या लिहिण्याचे काम करणाऱ्या दोन तरुणांना मी हे चित्र दाखवले. दोघेही खळखळून हसले. हसू ओसरण्यापूर्वीच एक म्हणाला, “काकाजी, याच्यात नव्या ओळीची खूणच नाही. सारी वाक्यं एकमेकाले चिकटून येतीन.” दुसऱ्याचा आक्षेप वेगळा होता : “अन् मोजणी एकापासून? शून्यापासून मोजतेत.”

हे दोन आक्षेप एका जातीचे नाहीत. शून्यापासून चारशे नव्व्याण्णवपर्यंत मोजा की एकापासून पाचशेपर्यंत, वाक्य पाचशेच वेळा उमटणार. शून्यापासून मोजणे ही त्या भाषेत लिहिणाऱ्यांची रूढी आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाची चर्चा केली आहे. शास्त्रात नसलेली, लोकव्यवहारात न आढळणारी, पण परंपरेने चालत आलेली गोष्ट कवी वर्णितात, तो कविसमय. याच ग्रंथात त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेले आजचे वाशीम. तेव्हा आमच्या मुलखाला हा विचार परका नाही. प्रत्येक व्यवसायाचेही असे ‘समय’ असतात, आणि ते मोडलेले दिसले की त्या व्यवसायातील माणूस अस्वस्थ होतो. दुसऱ्या तरुणाची अस्वस्थता या प्रकारची होती.

पहिल्याचा आक्षेप परिणामाविषयी आहे. भामहाने काव्यदोषांत देश, काल, कला, लोक, न्याय आणि आगम यांच्या विरोधाची गणना केली आहे. यातील कलाविरोध म्हणजे त्या त्या कलेच्या जाणकाराला खटकणारी चूक. दंडीने मात्र पुढे एक वाट मोकळी ठेवली : असा विरोध कवीच्या कौशल्याने कधी गुणही होतो. ॲरिस्टॉटलची भूमिकाही याच्या जवळची आहे. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे, ही तिचे चित्रच वाईट काढण्यापेक्षा लहान चूक होय, असे तो म्हणतो.

हा युक्तिवाद येथे कितपत लागू पडतो? आमच्याकडील एका वृद्ध शेतकऱ्याने मासिकातील पेरणीचे एक चित्र पाहून विचारलेला प्रश्न मला आठवतो. चित्रातील तिफणीला चाडे होते. चाड्यातून फणांकडे जाणाऱ्या नळ्या नव्हत्या. तो म्हणाला, “मंग बी का आभायातून पडन?” त्याचा प्रश्न बिनतोड होता. तरीही चित्रातील तिफणीने कोणी पेरणी करणार नव्हते. ते तिफणीचे चित्र होते. फळ्यावरील आज्ञावली ही मात्र आज्ञावलीचे चित्र नाही. ती आज्ञावलीच आहे. ती उतरवून घेऊन कोणीही यंत्रावर चालवू शकतो. कादंबरीतील कवी-नायकाची कविता लेखकाने संपूर्ण छापली, की ती कविता म्हणूनच वाचली जाणार. तसेच हे आहे. ॲरिस्टॉटलच्या हरिणीला मिळालेली सवलत जेसनला मिळू शकत नाही.

आता दंडीची वाट पाहू. नव्या ओळीची खूण विसरणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. दहा वर्षांच्या, शिक्षा टाळण्याच्या घाईत असलेल्या मुलाला ती शोभूनच दिसते. शिवाय इंग्रजी शाळांत या शिक्षेला ‘ओळी लिहिणे’ म्हणतात, म्हणून तेथे ओळ न तुटणे हा शिक्षेच्या अटीचाच भंग ठरेल. आपल्याकडे शिक्षा ‘वेळा’ने मोजतात. वाक्ये चिकटून का होईना, पाचशे वेळा उमटली की मराठी शाळेच्या हिशेबाने जेसन सुटला! आज्ञावली तीच, यंत्र तेच. खोट किती मोठी हे शिक्षा देणाऱ्या भाषेवर ठरले. हे मला त्या तरुणाच्या आक्षेपामुळेच सुचले. केवळ हसून पान उलटले असते तर सुचले नसते.

खोट काढणे कधी याहून महत्त्वाचे ठरते. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’तील २००७ च्या एका चित्रात आईने मुलाच्या नावातच माहितीचा साठा पुसून टाकणारा हुकूम गुंफलेला असतो. शाळेच्या नोंदी नाहीशा होतात, आणि येणारी माहिती स्वच्छ करून घ्यावी असा बोध ती शाळेला करते. जाणकार हसतात, पण हा बोध अपुरा मानतात : माहिती घासूनपुसून घेत बसण्यापेक्षा माहिती आणि हुकूम यांची वाटच वेगळी ठेवावी, हा खरा उपाय. हे चित्र पुढे शिकवण्यासाठी वापरले जाऊ लागले, तेव्हा हा आक्षेप शिकणाऱ्यांच्या हिताचा ठरला.

आमच्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत अस्सलपणाचा घोष पुष्कळ झाला. पण तिफण हाती धरणाऱ्याला त्या चर्चेत वाचक म्हणून क्वचितच बोलावले गेले. त्याच्या आक्षेपाला ‘तपशिलाची चूक’ म्हणून निकालात काढताना, तो तपशील कलाकृतीत काय काम करीत होता हा प्रश्नही आपण निकालात काढतो. खोट काढणाऱ्याचा प्रत्येक आक्षेप मान्य करावा असे नाही. रूढीभंग कोणता, परिणामाची चूक कोणती आणि गुण झालेला दोष कोणता, हे निवडण्याचे काम समीक्षकाचेच आहे. परंतु निवडण्यासाठी आक्षेप आधी ऐकावा लागतो. जो वाचक चित्रातली आज्ञावली मनातल्या मनात चालवून पाहतो, त्याने ते चित्र आपल्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचलेले असते.