दहा-शून्य

आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये ऐन मे महिन्यातही पंखे बंद असतात. नवा माणूस सवयीने बटणाकडे हात नेतो आणि चौघेजण एकदम ओरडतात. टेबल टेनिसचा, म्हणजे टीटीचा, चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा. पंख्याच्या वाऱ्यानेही तो वाट सोडतो आणि मग पॉइंट कुणाचा यावरून जी भांडणं होतात, ती नंतरच्या चहानेही मिटत नाहीत. तेव्हा डोंबिवलीतल्या त्या बसक्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण घामाने निथळत खेळतो. सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा खांदा. आठवडाभर लोकलमध्ये उभं राहून जे काही शिल्लक उरतं, ते आम्ही इथे आणतो.

टीव्हीवर मोठे खेळाडू नेटच्या कडेला टेबलावर तळहात पुसताना दिसले, तेव्हापासून मीही पुसतो. खेळ त्यांच्यासारखा नाही जमला, सवय जमली. माझ्या बाजूच्या त्या कोपऱ्यात दर रविवारी पंजाचे ओले ठसे उमटलेले असतात.

माझं टीटी कल्याणच्या शाळेतलं. दोन बाकं जोडून टेबल, मध्ये विटांची रांग म्हणजे नेट. विटेला लागून चेंडू कुठेही उडायचा, त्यामुळे नशीब हा खेळाचाच एक भाग आहे असं मी लहानपणापासून धरून चाललो. तेव्हा गेम 21 ची असायची आणि एकेकाला सलग पाच सर्व्हिस. 2001 मध्ये ती 11 ची झाली, सर्व्हिस दोन-दोन. त्याआधीच्या वर्षी चेंडू 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला होता, म्हणजे तो जरा हळू जावा, लोकांना दिसावा. मला विचाराल तर 21 ची गेम बरी होती. हरायलाही सवड मिळायची.

गेल्या वर्षी मे महिन्यातच ती आली. आमच्यातल्याच एकांची भाची, राहायला ठाण्याला, सुट्टीत मामाकडे आलेली. वय असेल सतरा. राज्याच्या संघातून खेळते, एवढंच मामांनी सांगितलं, तेही चपला काढता काढता. तिने पाठीवरच्या सॅकमधून एक चपटी केस काढली, केसमधून बॅट काढली, बॅटच्या रबरावर लावलेलं पारदर्शक प्लास्टिक सोललं. आमच्या बॅटी पिशवीत चाव्यांबरोबर खुळखुळत येतात. तिथेच पाच-शून्य झालं होतं.

ठाण्याची म्हटल्यावर मला पहिल्यांदा मधुरिका पाटकर आठवली. तीही ठाण्याची. 2018 च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी सिंगापूरला 3-1 हरवून सांघिक सुवर्ण घेतलं, त्या संघात ती होती. 2002 पासून हे सुवर्ण सिंगापूरने कुणाला दिलंच नव्हतं. त्या फायनलमध्ये मणिका बत्राने दोन्ही एकेरी जिंकल्या हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. मधुरिका आपली एकेरी हरली आणि त्याच लढतीत मौमा दासबरोबर दुहेरी खेळायला पुन्हा टेबलापाशी आली, आणि जिंकली. हरलेला हात इतक्या लवकर कोरा कसा करतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी एक गेम हरलो की लोकलमध्ये दिवा स्टेशनापर्यंत तीच खेळत जातो.

“काका, आधी थोडं नॉकिंग करूया?” ती म्हणाली.

त्या पाच मिनिटांइतका सुंदर मी आयुष्यात खेळलेलो नाही. फोरहँडला फोरहँड, टप-टप-टप-टप, वीस-वीस, तीस-तीस बॉलची रॅली. छाती भरून आली. भिंतीला टेकून बसलेले आमचे सर (निवृत्त शिक्षक, स्कोअर मोठ्याने सांगायची हौस) म्हणालेसुद्धा, “आज लागलाय हात!” नंतर विचार केल्यावर उमगलं. हात माझा नव्हताच लागला. ती प्रत्येक चेंडू बरोबर माझ्या बॅटवर आणून ठेवत होती, त्याच उंचीला, त्याच जागी. मी फक्त बॅट धरून उभा होतो.

मग गेम सुरू झाली. टेबलाखाली हात नेऊन मी चेंडू लपवला, कुठल्या हातात विचारलं, तिने बरोबर ओळखलं. तिची सर्व्हिस.

सर्व्हिसचा नियम असा, की उघड्या तळव्यावरून चेंडू किमान 16 सेंटीमीटर वर उडवायचा आणि समोरच्याला तो सतत दिसला पाहिजे. हात, खांदा आड आणून चेंडू लपवायची युक्ती 2002 पासून बंद आहे. म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं. चेंडू वर गेला, खाली आला, मनगट हललं. मी बॅट लावली. चेंडू माझ्या बॅटवरून सरळ खाली, नेटच्या पायथ्याशी. पुढची सर्व्हिस, तंतोतंत तशीच. आता शहाणा होऊन मी बॅट थोडी उघडली, तर चेंडू उडून छताकडे निघाला. पहिल्या चेंडूला खालची फिरकी होती, दुसऱ्याला नव्हतीच. मनगटाची हालचाल मात्र एकच.

या खेळातलं हे मला सगळ्यात जिव्हारी लागणारं वाटतं. बुद्धिबळात हरलात तर समोरच्याने तुमचा राजा कोंडलेला असतो. क्रिकेटमध्ये तो दांडी उडवतो. इथे तिने मला एकदाही स्मॅश मारला नाही, त्याची गरजच पडली नाही. ती चेंडूत काहीतरी गुंडाळून पाठवायची आणि ते माझ्या बॅटवर उलगडायचं. चेंडू नेटमध्ये घालणारा हात दर वेळी माझाच. सर ओरडायचे, “अहो, चेंडू बघा!” बघतच होतो की.

पहिली गेम 11-2. त्या दोनांतला एक नेटला घासून पलीकडे घरंगळला, दुसरा टेबलाच्या कडेला लागला. अशा वेळी हात वर करून माफी मागायची रीत आहे. मी मागितली. चेहरा काय सांगत होता ते सोडा.

बाजू बदलायला हव्या होत्या, पण आमच्याकडे बदलत नाहीत. पलीकडच्या बाजूला खिडकीचं ऊन डोळ्यावर येतं, म्हणून तिकडे पाहुण्याला उभं करायचं असा आमचा अलिखित घरचा नियम. तिने काही म्हटलं नाही. डोळे किलकिले करून खेळली.

दुसऱ्या गेमला मी डोक्यात हिरोजी सातो घेऊन उतरलो. 1952 ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. जपान पहिल्यांदाच आलेला आणि त्यांच्यातला हा चष्मेवाला सातो फार कुणाच्या गणतीत नव्हता. त्याच्या बॅटवर जाडजूड स्पंज. तोवरचे खेळाडू टप्प्याचा आणि बॅटचा आवाज ऐकून चेंडूचा वेग ओळखायचे. सातोच्या बॅटला आवाजच नव्हता. जगातले एकाहून एक खेळाडू त्या शांततेपुढे गोंधळले आणि सातो विश्वविजेता होऊन मायदेशी गेला. पुढे 1959 मध्ये नुसत्या स्पंजच्या बॅटवर बंदी आली. तर सांगायचं काय, की मोठ्याला हरवायला मोठंच असावं लागतं असं नाही, त्याने न पाहिलेलं काहीतरी हाती असावं लागतं. माझ्या हाती काय होतं? अकरा वर्षांचं रबर. इतकं गुळगुळीत झालेलं, की त्यावर तिची फिरकी घसरावी अशी माझी आशा. पहिले दोन चेंडू खरंच विचित्र गेले. तिने भुवई उचलली. तिसऱ्या चेंडूला तिला माझं रबर पाठ झालेलं होतं.

शून्य-चार. शून्य-सात. मी दर दोन पॉइंटांनी नेटजवळ तळहात पुसत होतो, थोडा घामासाठी, बराचसा वेळ काढायला. शून्य-नऊ. सरांनी आवाज उतरवला. शून्य-दहा त्यांनी सांगितलंच नाही, नुसता चष्मा पुसला.

सर्व्हिस तिची. चेंडू वर गेला, खाली आला, मनगट हललं, आणि चेंडू तिच्या बाजूला टप्पा घेऊन थेट नेटमध्ये.

“एक!” सर ओरडले. कुणीतरी टाळी वाजवली. पुढचा चेंडू मी छताकडे उडवला, 11-1, आणि आम्ही हात मिळवले. तिचा हात लहान होता, बोटांच्या मुळाशी घट्टे होते.

चिनी खेळाडूंमध्ये एक रीत सांगतात. दहा-शून्य झालं की पुढचा पॉइंट समोरच्याला सोडायचा, कोरा घरी पाठवायचा नाही. नियमात हे कुठे नाही आणि अलीकडे बरेचजण ते पाळतही नाहीत. काहींच्या मते तर शेवटपर्यंत मन लावून खेळणं हाच खरा मान, सोडलेला पॉइंट म्हणजे अपमान. मला दोन्ही बाजू पटतात. ज्या दिवशी मी नऊ-शून्यने पुढे असतो त्या दिवशी दुसरी जास्त पटते.

ती बॅटवर प्लास्टिक चढवत होती. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने जवळ गेलो.

“ती शेवटची सर्व्हिस... नेटमध्ये गेली ती,” मी म्हटलं.

“हो ना, काका,” ती मान वर न करता म्हणाली. “काय घाम येतोय इथे! हात ओला होता, चेंडू नीट सुटलाच नाही.”

मामा-भाची गेले. मग दोघे-तिघे चहाला गेले. सर नेट सोडवत होते, मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो, तो माझ्या पाळीचा रविवार होता. माझ्या बाजूचा नेटकडचा कोपरा ठशांनी भरलेला, पंख्याशिवाय कुठे सुकतायत? ते पुसून मी पलीकडे गेलो. खिडकीचं ऊन आता तिरकं टेबलावर पडलं होतं, त्यात धूळसुद्धा दिसत होती. नेटच्या त्या कडेला एकही ठसा नव्हता.

“पुसलंस का रे तिकडचं?” सरांनी विचारलं.

“पुसलं,” मी म्हणालो.