सफरीतला अमीर

सफरीत तिघे असतील तर त्यांनी एकाला आपला अमीर करावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. आपण ती बहुधा हज-उमराहच्या काफिल्यापुरती धरतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र सप्टेंबरात काश्मीरला मासे धरायला गेलो, तेव्हा निघतानाच चिपळूणच्या मित्राला अमीर केले. सगळ्यांत शांत तोच, एवढेच कारण.

कोकणातल्या माणसांनी मासे धरायला काश्मीर गाठावे, यावर घरोघरी हसणे झाले. पण आपला गळ वेगळा आणि ट्राउटचा वेगळा. तिथे गळाला पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकता येत नाही. वजन दोरीत असते. दोरी हवेत झेपावली की माशी तिच्यामागे जाते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून माशी त्याच्या वरच्या अंगाला टाकायची आणि वाहू द्यायची. हा मासा मूळचा तिथला नाही. १९०० च्या सुमारास विलायतेतून अंडी आणून तो वाढवला गेला. आता कोकरनागला सरकारी ट्राउट केंद्र आहे. जवळच्या ब्रिंगी नदीवर गळ टाकायला मत्स्यविभागाचा परवाना लागतो.

पहिल्या दिवशी दोन मासे मिळाले. काठावरच भाजले आणि बिस्मिल्लाह म्हणून चौघांनी वाटून खाल्ले. तंबू नदीलगतच्या सपाटीवर होता. असरनंतर ढग उतरले, वारा सुटला आणि पाऊस लागला. मगरिबच्या वुजूला गेलो तर सकाळचे काचेसारखे पाणी मातकट झालेले. वाटाड्या म्हणाला, ‘‘साहब, ऊपर ज़्यादा बरसा है.’’ २०१४ चा पूर त्याने पाहिला होता. आमच्या अमीरने २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरताना पाहिले होते.

‘‘तंबू उचला. वर गावात जाऊ,’’ तो म्हणाला.

बँकेतला मित्र तापला. ‘‘अरे, पाणी दहा हात लांब आहे! परवान्याचे पैसे उद्याचेही भरलेत. या पावसात चढण चढून पाय मोडायचा आहे का?’’

‘‘उजेड आहे तोवरच चढता येईल. रात्री पाणी आलं तर नाही.’’

बँकवाला बडबडत राहिला, पण खुंट्या पहिल्यांदा त्यानेच उपटल्या. अमीर नेमला होता ना! ओल्या चढणीवरून अर्ध्या तासात वाटाड्याच्या घरी पोचलो. घरच्यांनी कांगडी पुढे केली, नून चाय दिला. ईशाची नमाज तिथेच जमाअतने पढलो. पावसाच्या, थंडीच्या रात्री लोकांनी आपापल्या मुक्कामीच नमाज पढावी, असे पुकारायला प्रेषितांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. दीन माणसाला अडचणीत ढकलत नाही, वाट देतो.

फजरनंतर खाली पाहायला गेलो. नदी तपकिरी झाली होती, पण आमची सपाटी कोरडी होती. पाणी हातभर अलीकडे थांबले होते. गढूळ पाण्यात ट्राउटला माशी दिसत नाही, म्हणजे दुसरा दिवसही गेला.

‘‘बघ! उगाच उठवलंस,’’ बँकवाला म्हणाला.

अमीर हसला. ‘‘पाणी आलं नाही, हा अल्लाहचा फजल. उठणं आपलं काम होतं.’’

पाणी तंबूत शिरले असते तर आम्ही त्याला शहाणा म्हटले असते. शिरले नाही म्हणून तो चुकला असे होत नाही. निर्णय घेताना त्याच्यासमोर गढूळ पाणी, वाटाड्याचा शब्द आणि संपत आलेला उजेड होता. त्यावरून जे योग्य तेच त्याने केले. बाकीच्यांनी मत मांडले, भांडलेही, पण निर्णय झाल्यावर हात लावला. मशवरा आणि इताअत एकत्र चालतात ती अशी.

आता शाळेच्या सहलीला प्रत्येक गटाने निघण्याआधीच आपला अमीर निवडायचा, असे मी ठरवले आहे. मुले सर्वांत दंगेखोर मुलाला निवडतात. मी आडकाठी करत नाही. जबाबदारी अंगावर आली की तोच आधी मुले मोजू लागतो.