लेण्याद्रीचे जुने बिऱ्हाडकरू

अष्टविनायकांपैकी सात झाले होते. आठवा मात्र वडील असताना ‘पुढच्या साली’ म्हणत राहून गेला आणि मग वडीलच राहिले नाहीत. यंदा आई म्हणाली, “गुडघे चालताहेत तोवर मला लेण्याद्रीला ने.”

जुन्नर सोडून कुकडी ओलांडली की पाचेक किलोमीटरांवर डोंगर पुढ्यात उभा राहतो. पायऱ्या जवळजवळ तीनशे. डोलीवाले पुढे झाले. आईने हातानेच नको म्हटले. दर वीस पायऱ्यांवर ती मला शिवनेरी दाखवी आणि त्या निमित्ताने दम खाई. नैवेद्याचे केळे गणपतीच्या आधी एका माकडाला पोचले.

गिरिजात्मज सातव्या लेण्यात आहे. पार्वतीने येथे तप केले आणि तिला पुत्र लाभला, अशी कथा. सभामंडप पन्नास फुटांहून रुंद. आत एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून वीस कोठड्या. मूर्ती मागच्या भिंतीतल्या खडकात कोरलेली.

आई डोळे मिटून बसली होती. मी मात्र कोठड्या मोजत होतो. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली ही तीसेक लेणी बौद्ध भिक्षूंची. हा मंडप म्हणजे त्यांचा विहार. वर्गात हे मी बेधडक सांगतो. येथे आईला सांगताना मात्र जीभ अडखळली. तिच्या आठव्या गणपतीला माझ्या विद्येने उणेपणा आला तर?

अखेर सांगितले. आईने कोठड्यांकडे पाहिले. “म्हणजे आपल्या आधीचे बिऱ्हाडकरू! मग त्यांना न भेटताच जायचं का रे?”

मी तिला शेजारच्या सहाव्या लेण्यात नेले. तो चैत्य. कल्याणच्या एका हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने, तो दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला येणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे दान. आतल्या स्तूपापुढे दिवा नाही, गर्दी नाही. आईने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. पहिला नमस्कार स्वतःचा. दुसरा कोणाचा, हे मी विचारले नाही.

उतरताना ती म्हणाली, “झाले बाई आठ!”

मी मनात म्हटले, नऊ.