यादी आधी, मग बाजार

महिन्यातून एकदा आमच्या डोंबिवलीच्या घरातली खाट भिंतीला उभी लावली जायची. टेम्पोतून साखर, तूरडाळ, शेंगदाण्यांची पोती उतरायची आणि शेजारपाजारच्या बाराएक घरच्या बायका तराजूभोवती बसायच्या. तो मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपाचा दिवस असायचा. ही संस्था 1975 साली सुरू झाली. जवळपासच्या घरांनी मिळून संघ करायचा, आपापली यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल एकगठ्ठा आणवायचा आणि स्वतःच मोजून वाटून घ्यायचा. मधले हात कमी झाले, की भाव उतरायचा. आम्ही मुलं पिशव्यांची तोंडं धरून बसायचो. सांडलेले शेंगदाणे आमचे.

यादीला बसण्याआधी आई एकेक डबा उघडून बघायची. 'पोहे आहेत अजून' म्हणत त्यांच्यावर काट मारायची. दिवाळीला मैदा-रवा वाढायचा, श्रावणात साबुदाणा. माल स्वस्त असायचा, तरी गरजेपलीकडे काही येत नसे. कारण प्रत्येक जिन्नस आधी कागदावर लिहावा लागे आणि त्याचे पैसे आधी मोजावे लागत. डाळीत खडे निघाले तर सगळ्या जणी एकत्र तक्रार करत. अशा ग्राहक चळवळीच्या रेट्यातूनही पुढे 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला.

आता मी रात्री अकराला मोबाईलवर किराणा मागवते. नोकरी करणाऱ्या बाईला ही सोय मोलाची आहे, ते मी नाकारत नाही. पण परवा हवा होता फक्त हिंग. घरपोच आणण्याचे पैसे वाचावेत म्हणून बिस्किटं घेतली, मग 'एकावर एक मोफत' म्हणून सॉस. साठ रुपयांच्या हिंगापायी 340 रुपये गेले. आणि कपाट आवरताना मुदत संपलेल्या सॉसच्या दोन बाटल्या आधीच्या खरेदीतल्या निघाल्या.

तेव्हाची स्वस्ताई आम्ही सगळ्या घरांनी मिळून कष्टाने मिळवलेली होती, म्हणून ती जपून वापरली. आजची आयती समोर येते आणि नको ते गळ्यात बांधून जाते. फेकून दिलेली वस्तू कितीही कमी भावात घेतली असली, तरी ती महागच.

म्हणून एवढंच सांगते: मोबाईल उघडण्याआधी स्वयंपाकघरातले डबे उघडा, आणि यादी कागदावर लिहा.